सोसणे आणि सोसायला लावणे

आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी उंडवडी गवळ्याची येथून बारामतीस येते. पुढे काटेवाडीस धोतरांच्या पायघड्यांवरून जाते, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करीत इंदापुरास पोहोचते आणि सराटीपाशी नीरेचे स्नान झाले की पुणे जिल्ह्याची हद्द ओलांडून अकलूजकडे वळते. या वाटेने चालणाऱ्याचे पाय दुखतात, हे काही कोणाला सांगायला नको. टाचा फुटतात, बोटांना फोड येतात, पोटऱ्यांत गोळे येतात. तरी कोणा वारकऱ्यास विचारून पाहा, “माउली, फार दुखतंय का?” तो हसून म्हणेल, “चालायचंच!” त्याचे हे हसणे खोटे नसते. ते दुखणे त्याने आपण होऊन पत्करलेले असते.

याच बारामती-इंदापुरात, याच गावांच्या शिवारात, दिवाळीच्या सुमारास दुसरी माणसे येतात. बीडकडून, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कारखान्यांचे गाळप संपेपर्यंत राहतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातात. फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. आईबाप पहाटे कोयता घेऊन फडात जातात आणि थोरल्या पोरीच्या जिवावर धाकटे पोर कोपीत राहते. चूल उघड्यावर, पोर तीन वर्षांचे. आधणाचे भांडे कलंडायला किती वेळ लागतो? अशा भाजलेल्या पोराला कोणी कळवळून दवाखान्यात नेते. तेथे रोज पट्टी बदलताना ते किंचाळू लागले की त्याचे हातपाय धरून आपण सारे काय म्हणतो? “सोस बाबा, सोस. झालंच आता.”

वारकऱ्याच्या तोंडी शब्द ‘सोसणे’, आणि या पोराला सांगितलेला शब्दही ‘सोसणे’. शब्द एक असला म्हणजे वस्तूही एकच असते काय? हा प्रश्न या लेखात विचारास घेतला आहे. सोसण्याला आपल्या संप्रदायात मोठा मान आहे, म्हणून त्या मानाचा गैरवापर होत नाही ना, हे पाहण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

सोसणे हा सद्गुण केव्हा ठरतो? विचार केला तर तीन गोष्टी लागतात. सोसणाऱ्याने ते आपल्या इच्छेने घेतलेले असावे. कशासाठी सोसतो आहोत, हे त्याला कळत असावे. आणि नको झाले तर थांबण्याची मोकळीक त्याला असावी. वारकऱ्याजवळ या तिन्ही गोष्टी असतात. चालवेना झाले तर तो दिंडीबरोबरच्या टेम्पोत बसतो आणि कोणी त्याला नावे ठेवीत नाही. उपवास करणाऱ्याची गोष्ट तीच. एकादशीला जो पोटाला चिमटा घेतो त्याला आपण व्रतस्थ म्हणतो. पण दुसऱ्याचे ताट काढून घेऊन “तुला एकादशीचे पुण्य लागेल” असे म्हणणाऱ्याला आपण काय म्हणू? भूक दोघांच्या पोटात सारखीच असते, पण एकाचे व्रत झाले आणि दुसऱ्यावर जुलूम झाला.

मुलाजवळ या तिहींपैकी एकही गोष्ट नसते. त्याने दुखणे मागितलेले नाही, ते का होत आहे हे त्याला उमगत नाही आणि ते थांबवणे त्याच्या हाती नाही. उद्या बरे वाटेल, या आशेवर मोठा माणूस आजचा दिवस काढतो. दोन वर्षांच्या पोराला ‘उद्या’ ठाऊकच नसतो. त्याचे सारे विश्व या घटकेत मावलेले असते आणि ही सारी घटका दुखण्याने भरून गेलेली असते. म्हणून मुलाला ‘सोस’ म्हणणे हा उपदेश होत नाही. मोठ्यांनी आपली असहायता किंवा आपला आळस त्या शब्दाखाली झाकलेला असतो.

येथे पहिली शंका उभी राहते, आणि ती आपल्याच माणसांची आहे. कोणी म्हणेल, “अहो, प्रारब्धाचा भोग आहे. तो भोगूनच संपायचा. मध्ये हात घालणारे आपण कोण?” ही शंका टाकाऊ नाही. आपल्या वाट्याला आलेल्या दुःखाकडे भोग म्हणून पाहता आले तर माणसाचा त्रागा कमी होतो, हे खरे आहे. परंतु हा विचार स्वतःपुरता घ्यायचा असतो. तो दुसऱ्याच्या अंथरुणापाशी नेऊन ठेवला की त्याची जात बदलते.

साधा दृष्टांत घ्या. पालखी मुक्कामाला आली की या वाटेवरची गावे चुली पेटवतात. पिठले-भाकरीच्या पाट्या भरतात, हजारो माणसे जेवून उठतात. त्या वेळी कोणी असे म्हणतो काय की, “याची भूक हा याचा भोग आहे, आपण कशाला मध्ये पडा?” रात्री गावकरी वारकऱ्यांचे पाय चेपतात, तेल लावतात. तेव्हा पायांचा ठणका हे प्रारब्ध मानून कोणी तेलाची वाटी मागे घेतो काय? भूक भागवताना आणि पाय चेपताना आपल्याला प्रारब्धाची आठवण होत नाही. मग पोराचे दुखणे थांबवायची वेळ आली की तीच आठवण का व्हावी? आणि प्रारब्धाचाच हिशेब मांडायचा तर तो पुरा मांडावा. त्या मुलाला भाजणे हे जर त्याच्या प्रारब्धात होते, तर औषध ठाऊक असलेला माणूस त्याच्या उशाशी येऊन बसणे हेही त्याच्याच प्रारब्धात असले पाहिजे. त्या माणसाने हात आखडला तर भोग कोणाच्या खात्यावर चढेल, याचा ज्याने त्याने विचार करावा.

संतांच्या चरित्रांत या प्रश्नाचा निकाल पूर्वीच लागलेला दिसतो. पैठणच्या तापल्या वाळवंटात एक मूल रडत होते. ते त्या काळी अस्पृश्य मानलेल्या घरचे होते. नाथांनी ते उचलून कडेवर घेतले, त्याचे तोंड पुसले आणि त्याला आईपाशी नेऊन पोहोचवले. पाय का भाजले, कोणाच्या कर्माने भाजले, याची चौकशी नाथांनी केल्याचे कोणत्याही कीर्तनकाराने सांगितलेले नाही. त्याच पैठणात रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला तेव्हा वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटले, असे परंपरा सांगते. रेड्याकडून वेद वदवले हा चमत्कार आपण कौतुकाने सांगतो. पण ज्याला बोलता येत नाही त्याची वेदना आपल्या पाठीवर उमटणे, हे मुक्या जिवाला वाचा देण्याइतकेच मोठे आहे.

‘ज्याला बोलता येत नाही’ या शब्दांशी थोडे थांबले पाहिजे, कारण दुसरी शंका तेथेच आहे आणि ती शिकलेल्या माणसांची होती. ती अशी की, लहान बाळाला दुखणे कळतच नाही. त्याचा मेंदू कच्चा, त्याच्या शिरा अपुऱ्या. ते रडते ते केवळ सवयीने. ही समजूत अडाण्यांची नव्हती. विलायत-अमेरिकेतील मोठमोठ्या इस्पितळांत १९८० नंतरही ती चालू होती. तान्ह्या बाळांवर, विशेषतः दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळांवर, पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत असत. हात-पाय हलू नयेत म्हणून स्नायू लुळे पाडणारे औषध देत. म्हणजे बाळाला दुखत असे, पण ते दाखवण्याची सोयही त्याला उरत नसे. इतक्या कोवळ्या जिवाला भुलीची औषधे झेपणार नाहीत, ही भीतीही त्यामागे होती. डॉक्टर दुष्ट होते असे नव्हे. पण भीती आणि गैरसमज एकत्र आले की भल्या माणसांच्या हातूनही असे घडते.

हा अंधार दोघांनी फोडला. अमेरिकेत १९८५ साली अपुऱ्या दिवसांचे एक बाळ अशाच शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी गेले. कापाकापीच्या वेळी त्याला वेदना थांबवणारे काहीही दिलेले नव्हते, हे त्याच्या आईला मागाहून कळले. ती गप्प बसली नाही. तिने डॉक्टरांना विचारले, पत्रे लिहिली, वृत्तपत्रांकडे गेली. त्याच सुमारास इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीतसिंग आनंद हे या विषयावर संशोधन करीत होते. हृदयाजवळची एक रक्तवाहिनी बंद करण्याची शस्त्रक्रिया ज्या कोवळ्या बाळांवर करायची, त्यांच्यापैकी काहींना त्यांनी नेहमीच्या औषधांबरोबर जोरकस वेदनाशामकही दिले. १९८७ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांना वेदनाशामक मिळाले त्यांच्या शरीरावर ताण फारच कमी पडला आणि शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रवही कमी झाले. म्हणजे औषध बाळाला झेपत नाही हे खरे नव्हते. उलट, वेदनाच त्याला झेपत नव्हती. त्याच वर्षी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने जाहीर केले की, केवळ वय लहान म्हणून कोणत्याही बाळाला भूल नाकारू नये.

कोणी म्हणेल, “कळत असेल हो, पण पोरे विसरतात.” तेही पुरते खरे नाही. कॅनडात १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, जन्मल्यावर लगेच ज्या मुलग्यांची बधिर न करता सुंता झाली होती, ते चार-सहा महिन्यांनी लस टोचताना इतरांपेक्षा जास्त कळवळले. ज्यांना आधी बधिर करणारे मलम लावले होते त्यांना तितका त्रास झाला नाही. मनाला आठवत नसेल, पण देह विसरत नाही. पुढे २०२० साली वेदनेचा अभ्यास करणाऱ्या जागतिक संघटनेने वेदनेची व्याख्या नव्याने मांडली. तीत हे स्पष्ट केले की, एखाद्याला दुखणे सांगता येत नाही एवढ्यावरून त्याला दुखत नाही असे ठरत नाही. पैठणच्या रेड्याची कथा ऐकत आलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

आता तिसरी शंका. ती अधिक नाजूक आहे, कारण ती माळकऱ्याच्या नियमाला भिडते. फार मोठे दुखणे असले, मुलाला कर्करोग असला, देह फार भाजला असला, तर साध्या गोळ्यांनी भागत नाही. मॉर्फिन द्यावे लागते. मॉर्फिन निघते अफूपासून. “गळ्यात माळ असलेल्या घरात अफू? आणि तीही लेकराला?” असे आजीबाई विचारतील, आणि त्यांचे विचारणे योग्यच आहे.

उत्तर असे की, अफू दोन प्रकारे दिली जाते. एके काळी मुंबईच्या गिरणीत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्याला ‘बाळगोळी’ चारून जात. तीत अफू असे. बाळ दिवसभर निपचित पडे आणि आईला पाळीवर जाता येई. त्या माउलीला दोष देऊ नये, तिची तशीच लाचारी होती. पण ती गोळी बाळाच्या दुखण्यासाठी नव्हती. बाळाने गप्प राहावे म्हणून होती, आणि मापाशिवाय दिल्यामुळे जिवावरही बेतत असे. डॉक्टर मॉर्फिन देतात ते वजन पाहून, थेंब मोजून, श्वासावर लक्ष ठेवून आणि दुखणे आहे तोवरच. एकात मोठ्यांची सोय पाहिली जाते, दुसऱ्यात मुलाची सुटका. वारकऱ्याचा नियम कैफाविरुद्ध आहे. औषध वेदनेइतकेच मापून दिले असता कैफाला वाव राहत नाही. ज्या देहाला रात्रंदिवस ठणका आहे त्याला चार घटका झोप लागणे याला चैन कोण म्हणेल?

या भीतीपायी आपल्या देशात एक विपरीत प्रकार घडला. औषधासाठीची अफू सरकारी परवान्याने नीमच-मंदसोरकडे पिकते, नीमच व गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. असे असून आपल्याच रोग्यांना मॉर्फिन मिळेनासे झाले. अमली पदार्थांचा चोरटा व्यापार थांबावा म्हणून १९८५ साली कडक कायदा झाला. हेतू चांगला होता. परंतु एका औषधासाठी अनेक परवाने काढण्याची पाळी इस्पितळांवर आली. शिक्षेच्या धाकाने डॉक्टरांनी व औषधविक्रेत्यांनी ते ठेवणेच सोडले. पुढल्या बारा-तेरा वर्षांत देशातील मॉर्फिनचा औषधी वापर दहा हिश्शांपैकी नऊ हिश्शांहून अधिक घटला. चोराला अडवण्यासाठी बांधलेल्या भिंतीने रोग्याचीच वाट अडली.

ती भिंत बोलून-बोलून, अर्ज-विनंत्या करूनच खाली आली. केरळात कालिकत येथे १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्या सोबत्यांनी वेदनाशमनाची संस्था काढली. गावोगावच्या साध्या माणसांना अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा शिकवली आणि कायदा बदलावा म्हणून वर्षानुवर्षे सरकारदरबारी खेटे घातले. अखेर २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त केला आणि मान्यताप्राप्त संस्थांना एका परवान्यावर हे औषध ठेवण्याची वाट मोकळी झाली. आपल्या महाराष्ट्रात मुंबईला १९८६ साली ‘शांती आवेदना सदन’ निघाले. ते असाध्य कर्करोग्यांसाठी देशात निघालेले पहिले आश्रयस्थान. पुण्याजवळ वारजे येथे १९९७ पासून सिप्लाच्या केंद्रात अशा रोग्यांची विनामूल्य शुश्रूषा होते. बारामतीस २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि त्याच वर्षी डॉक्टरकीच्या नव्या अभ्यासक्रमात वेदनाशमन व उपशामक शुश्रूषा यांचा समावेश झाला. तेव्हा बारामतीत शिकून बाहेर पडणाऱ्या डॉक्टराला ‘दुखणे हाही एक आजार आहे’ हे ठाऊक नसण्याचे कारण उरलेले नाही. पण डॉक्टराला ठाऊक असून भागत नाही. रोग्याच्या माणसांनी मागितले पाहिजे. न मागितलेली भाकरी पंगतीतही मागे राहते.

येथवर वाचून कोणा जुन्या वारकऱ्याच्या मनात गोरोबाकाकांची गोष्ट आली असेल. भजनाच्या तंद्रीत पायांखालच्या चिखलात स्वतःचे मूल तुडवले गेले आणि त्यांना भान राहिले नाही. मग मुलाचे रडणे ऐकू न येणे ही भक्तीची खूण म्हणावी काय? कथा अर्धी सांगितली तर तसे वाटेल. पुरी सांगितली तर निराळे दिसते. त्या मुलासाठी आईने हंबरडा फोडला, त्या गोष्टीचे दुःख घरावर कोसळले आणि ते मूल परत मिळाल्याशिवाय कथा संपत नाही. गोरोबांच्या तल्लीनतेची थोरवी सांगणाऱ्या संप्रदायालाही मूल गेलेच ते ठीक झाले, असे म्हणवले नाही. देवाला ते मूल परत आणावे लागले. आपल्या हातून असा चमत्कार होणार नाही. तेव्हा तल्लीनतेचा दाखला न देता आपण कान उघडे ठेवावेत, हेच आपल्या अधिकाराला शोभते.

आता करायचे काय? नुसता विचार सांगून थांबणे बरे नाही, म्हणून घरात आणि गावात होण्याजोग्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, मुलाशी खोटे बोलू नये. “काही दुखणार नाही हं” असे म्हणून आपण त्याला सुईपुढे बसवतो. सुई टोचते आणि त्याला कळते ते एवढेच की, आई खोटे बोलते. पुढच्या खेपेला ते दाराशीच रडते. “थोडं टोचेल, मी धरून बसते, लगेच संपेल” असे सांगावे. आणि “गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई देतील” हा धाक तर बंदच करावा. औषधाचीच भीती घातलेले पोर पुढे दुखणे लपवू लागते.

दुसरी गोष्ट, लस टोचण्याची. दीड महिन्याच्या बाळाला एकाच दिवशी एकाहून अधिक सुया टोचाव्या लागतात, आणि त्या टोचून घेतल्याच पाहिजेत. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगून ठेवले आहे की, बाळ आईच्या कुशीत धरलेले असावे, टोचण्याच्या आधी किंवा टोचताना त्याला अंगावर पाजावे, आणि जी लस अधिक दुखते ती शेवटी द्यावी. याला पैसा लागत नाही. अंगणवाडीत नर्सबाईंना किंवा आशाताईंना एवढे म्हणावे, “ताई, मी पदराखाली घेते, मग टोचा.” सासूबाईंनी तेथे सुनेची बाजू घ्यावी. थोरले पोर पडून त्याला मुका मार लागला तर आई सभोवार हात चोळते, त्यालाही आता शास्त्राचा आधार आहे. स्पर्शाची जाणीव वेदनेची वाट काही अंशी अडवते, असा सिद्धांत १९६५ साली मांडला गेला आणि मान्यता पावला. भाजलेल्या जागी मात्र चोळू नये. तेथे शाई, माती, दंतमंजन काही लावू नये. साधे वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे, स्वच्छ फडक्याने झाकावे आणि दवाखाना गाठावा. मोठ्यांची दुखण्याची गोळी अर्धी मोडून पोराला देऊ नये. मुलाचे औषध वजनावर ठरते. आणि पोट फुगले म्हणून तान्ह्याच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके देण्याची जी रीत मेळघाटात ‘डंबा’ म्हणून व इतरत्र निराळ्या नावांनी चालत आली, ती तर एका दुखण्यावर दुसरे दुखणे लादणारी आहे. प्रेमाने दिलेला चटकाही चटकाच असतो.

तिसरी गोष्ट, गप्प मुलाकडे लक्ष द्यावे. रडणारे पोर निदान सांगते तरी. ज्याला फार दिवस फार दुखते ते पुढे पुढे रडणेच सोडते. हलत नाही, खेळत नाही, खाऊकडे पाहत नाही. पाहुणे म्हणतात, “किती गुणी पोर आहे हो!” अशा गुणी पोराला विचारावे. तीन-चार वर्षांपुढचे मूल हसऱ्या चेहऱ्यापासून रडव्या चेहऱ्यापर्यंत काढलेल्या चित्रांच्या ओळीत बोट ठेवून आपले दुखणे किती ते सांगू शकते. अशी चित्रे इस्पितळांत वापरतात. घरी पाटीवर काढता येतील. आणि त्याने बोट ठेवले तेथे विश्वास ठेवावा. देव न दिसता मानणाऱ्याला लेकराचे न दिसणारे दुखणे मानणे जड जाऊ नये.

चौथी गोष्ट, डॉक्टरांना विचारावे. मोडलेले हाड बसवायचे असो, भाजल्याची पट्टी बदलायची असो, नम्रपणे पण स्पष्ट विचारावे, “डॉक्टरसाहेब, याचं दुखणं थांबायला आधी काय देणार?” हा उद्धटपणा नव्हे. ज्या पोराला हे वाक्य बोलता येत नाही त्याच्या वतीने ते बोलायला कोणीतरी हवे. स्वतःच्या लेकरासाठी तर बोलालच. पण ऊसतोडीच्या टोळीतले पोर दवाखान्यात आले तर तेथे त्याच्या आईबापांच्या तोंडून शब्द फुटत नाही. ती माणसे परगावची. खाडा पडला तर उचल फिटायची कशी, ही चिंता डोक्यावर. त्यांच्या शेजारी उभे राहून एवढे एक वाक्य बोलणारा गावकरी त्यांना भेटला तर बारामती-इंदापूरची वाट वारीच्या दिवसांपुरतीच पवित्र आहे, असे कोणी म्हणणार नाही.

शेवटी एक मान्य केलेच पाहिजे. सारे दुखणे औषधाने जात नाही. काही मुले बरी होत नाहीत. आईबापांनी, डॉक्टरांनी सगळे केले तरी काही उरतेच. दुःख मुळात का आहे, निष्पाप जिवाला ते का भोगावे लागते, या प्रश्नाचे उत्तर या लेखात नाही आणि घाईने दिलेले उत्तर त्या मुलाच्या उशाशी बसून उच्चारता येईल असे नसते. परंतु दुःख का आहे, हा एक प्रश्न आणि माझ्यासमोरच्या दुःखात मी काय करावे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळेपर्यंत दुसरा थांबत नाही. जे टळण्याजोगे आहे ते टाळावे, जे उरते त्यात हात हातात घेऊन बसावे. बसणाऱ्यानेही काही सोसावे लागते. रात्रीची झोप जाते, रडणे ऐकवत नाही, पाय काढता घ्यावासा वाटतो. ते मात्र खुशाल सोसावे. ते आपण होऊन घेतलेले असते, कशासाठी ते कळत असते, आणि म्हणूनच ते सोसणे या नावाला पात्र आहे.

आपण एकमेकांना ‘माउली’ म्हणतो. हा शब्द इतका तोंडात बसला आहे की त्याचा अर्थ ऐकू येईनासा झाला आहे. माउली ती, जिला लेकराने न सांगता कळते. हे नाव रोज शंभर वेळा घेणाऱ्यांच्या गावात एखादे पोर रात्रभर कण्हत पडले आणि शेजारच्या घरात कोणी कूस बदलून “त्याचा भोग” म्हणून झोपी गेला, असे यापुढे होऊ नये, एवढीच वाचकांच्या चरणी प्रार्थना आहे.

राम कृष्ण हरि.